फाटक उघडायला उतरलो

रविवार, ९ जून १९९१

प्रिय इंजिन,

आज सुट्टी होती, तरी सकाळी टाकीवर जाऊन आलो. पाण्याची पातळी साडेअकरा फूट. नोंद केली, फिटरला दुसऱ्या पंपाची गळती दाखवली आणि दहाला घरी परतलो. दोन अंडी उकडली. दुपारी व्हरांडा झाडला.

व्हरांड्यात तुझ्या ताईची मोटारसायकल उभी आहे. मार्चमध्ये दवाखान्यात दाखल व्हायला निघाली, त्या सकाळी तिनेच ती आत घेऊन स्टँडवर लावली होती. त्यानंतर गाडीला कुणी हात लावलेला नाही. मी तिच्या भोवतीने झाडतो. पुढच्या चाकातली हवा गेली आहे.

आमचा फिटर ती विकत मागतो आहे. गाडी मुळात तुझ्या वडिलांची. घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलणाऱ्या नर्सला वाहन हवं, म्हणून त्यांनी ती मुलीला दिली. पण त्यामुळे तुझा हक्क गेला असं मी मानत नाही. तुला हवी असेल तर मालगाडीने पाठवतो. नको असेल तर विकू का, ते कळव. मला चालवता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी मागे बसलो.

पूर्वी तुला पत्र ती लिहायची आणि खाली माझ्यासाठी दोन ओळींची जागा ठेवायची. त्या दोन ओळीही मला जड जात. आजचं पान कसं भरलं, मलाच कळत नाही.

तुझा,
भावोजी


२० जून

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर कुणाचं, ते आधी कळेचना. तुमचं एवढं अक्षर मी एका वेळी कधी पाहिलंच नव्हतं.

गाडी मला नको. गॅरेजमध्ये मी आठवड्याला तीस गाड्या खोलतो. घरी एकतिसावी दिसली तर बायको मला तिच्यासकट बाहेर काढेल. फिटरला तर मुळीच देऊ नका. ही माणसं इंजिनही नळासारखं पिळतात.

पण अशी उभीही ठेवू नका. गाडी चालून खराब होत नाही तेवढी उभी राहून होते. माझं ऐकाल तर तुम्हीच शिका. वय कितीसं, एकावन्न ना? ताईने मला त्याच गाडीवर शिकवलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि आज तुम्ही आहात त्याहून बावळट होतो. माझी रजा थेट डिसेंबरात, तेव्हा शिकवणी पत्रानेच. तिने मला ज्या क्रमाने शिकवलं, त्याच क्रमाने.

धडा पहिला. गाडी चालू करायची नाही. हवा भरून आणा आणि दोन दिवस अंगणात नुसती ढकलत फिरवा. माझ्याकडून तिने तीन दिवस हेच करवून घेतलं होतं. मी वैतागून म्हटलं, "ताई, मी काय म्हैस चारायला नेतोय?" तर म्हणाली, "म्हैस परवडली. ती कलली तर स्वतःच सावरते. हिला तुला सावरायचंय." 

मग स्टँडवर लावून वर बसा. काही करू नका, नुसते बसा. आणि कळवा.

इंजिन

ता. क. जेवताना मी तोंडाने फटफट आवाज काढायचो, म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव. आता तुम्ही एकटेच घेता. घेत राहा.


४ जुलै

प्रिय इंजिन,

हवा भरून आणली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या घातल्या. ती डावीकडे जास्त कलते. एकदा कलली तेव्हा मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडलो. लागलं नाही.

काल स्टँडवर लावून बसलो. पंधरा मिनिटं झाली असतील. शेजारी राहतात त्या निवृत्त मास्तरीणबाई कुंपणाजवळ आल्या.

"भाऊ, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही. गाडी शिकतोय."

"मग हँडल इतकं लांब का ठेवलंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सीटच्या मागच्या भागावर बसलो होतो. पाय मागच्या पायदानांवर आणि हात गुडघ्यांवर. बाई म्हणाल्या, "पुढे सरका की. ती जागा रिकामी ठेवून गाडी चालायची नाही." त्यांनी ते हसत म्हटलं, मग हसणं थांबवून आत निघून गेल्या.

मी पुढे सरकलो. पुढची सीट मधोमध खोलगट झालेली आहे. थोडा वेळ बसलो आणि उतरलो.

दुसरा धडा पाठव.

भावोजी


१५ जुलै

भावोजी,

सीटबद्दल लिहिलंत ते दोनदा वाचलं. आता क्लचकडे वळतो.

डाव्या हाताने क्लच पूर्ण दाबायचा, डाव्या पायाने पहिला गिअर टाकायचा, उजव्या हाताने किंचित पेट्रोल द्यायचं आणि क्लच हळूहळू सोडायचा. सगळी मेख या 'हळूहळू'त आहे. मी फटकन सोडायचो आणि गाडी हिसका देऊन बंद पडायची. वीसदा बंद पडल्यावर ताई म्हणाली, "झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात कसा काढतात? तसा सोड." मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाली, "मला माहीत आहे. तुझ्याच डोक्याखालून काढायचे. जरा चुकलं की सगळं घर जागं." तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा मी, आईचं दुखणं, त्यामुळे मला झोपवायचं काम तिचंच असायचं. हे मी विसरलो होतो. तुम्हाला क्लच लिहिताना आठवलं.

आणि घाबरलात तर श्वास सोडा, क्लच सोडू नका. हेही तिचंच.

जागा मोकळी निवडा. घराचं अंगण पुरणार नाही.

इंजिन


२ ऑगस्ट

प्रिय इंजिन,

उशीर झाला, कारण उजव्या कोपराला पट्टी होती आणि लिहिता येत नव्हतं. आता बरं आहे.

टाकीच्या मागे आमच्या खात्याचं मैदान आहे, फाटकापासून भिंतीपर्यंत दोनशे पावलं. तिथे रोज ड्युटी संपल्यावर तासभर जातो. पहिले चार दिवस गाडी बंद पडत होती. पाचव्या दिवशी क्लच बरोबर सुटला आणि ती चालू लागली. पहिल्या गिअरमध्ये तीन फेऱ्या झाल्या. फिटर आणि रखवालदार बघत होते. फिटर म्हणाला, "साहेब, मागे बसायला कुणी हवंय का? मला सवय नाही, पण शिकेन."

मला जरा धीर आला आणि मी गाडी घरी चालवत आणली. रस्ता अर्ध्या मैलाचा, रहदारी नव्हती. सगळं ठीक झालं. घराचं फाटक दिसलं, मी वेग कमी केला, आणि फाटक उघडायला उतरलो.

गाडी चालूच होती.

तुला कल्पना आहे का माहीत नाही. आम्ही घरी यायचो तेव्हा ती फाटकाजवळ वेग कमी करायची, मी चालत्या गाडीवरून मागच्या मागे उतरायचो, पुढे धावून फाटक उघडायचो आणि ती न थांबता आत जायची. बावीस वर्षं हेच. माझा पाय आपोआप वर गेला. मी जमिनीवर उभा राहिलो आणि गाडी माझ्याशिवाय पुढे गेली. चार-पाच हात सरळ गेली, फाटकाला धडकली आणि आडवी झाली. मी तिला धरायला धावलो, त्यात कोपर खरचटलं.

गाडीचा एक आरसा फुटला. फाटकाची बिजागरी वाकली. मास्तरीणबाईंनी पट्टी बांधली. म्हणाल्या, "उतरायचं होतं तर तिला सांगून उतरायचं." 

या वेळी मलाही हसू आलं.

भावोजी


११ ऑगस्ट

भावोजी,

पत्र गॅरेजमध्ये वाचलं आणि इतका हसलो की शेठ विचारायला आले. त्यांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. चष्मा पुसत बसले. त्यांना काय झालं कुणास ठाऊक.

कोपराचा एक्स-रे काढला का? काढला नसेल तर काढा. ताई असती तर तुम्हाला आधी ओरडली असती, मग गाडीला.

आता पुढचा धडा. दुसरा गिअर, तिसरा गिअर आणि थांबणं. थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. आधी गाडी थांबते, मग पाय टेकतो, मग न्यूट्रल, मग किल्ली, आणि सगळ्यात शेवटी माणूस उतरतो. हे कागदावर लिहून गाडीच्या पेट्रोलटाकीवर चिकटवा. ताई मला म्हणायची, "जायची घाई सगळ्यांनाच असते, थांबायचं कुणी शिकत नाही." मी भिंतीत घातली होती गाडी, तेव्हाचं हे वाक्य.

आणि आता जरा मनावर घ्या. इथे सगळे मला हसतात की पत्राने मोटारसायकल शिकवणारा पहिलाच मूर्ख बघितला. बायको म्हणते, सख्ख्या आईला कधी चार ओळी लिहिल्या नाहीस. एकदा तुम्ही शिकलात की मी सुटलो, आणि तुम्हीही सुटलात.

इंजिन


५ सप्टेंबर

प्रिय इंजिन,

एक्स-रे काढला. हाड नीट आहे.

शिकणं चालू आहे, पण प्रगती हळू आहे. अजून मैदानातच फिरवतो. पहिला आणि दुसरा गिअर. तिसऱ्याची भीती वाटते. वयाचा परिणाम असावा.

एक विचारायचं होतं. चेन सैल झाल्यासारखी वाटते. किती सैल चालते आणि कशी कसायची? सवडीने लिही. मला घाई नाही.

भावोजी


१४ सप्टेंबर

भावोजी,

चेन मधोमध बोटाने वर उचलून बघा. बोटाच्या एका पेराइतकी हलली तर ठीक, जास्त असेल तर मागच्या चाकाचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवा. सारखेच, नाहीतर चाक तिरकं बसेल.

ताई चेनला तेल लावायची तेव्हा जुना दात घासायचा ब्रश वापरायची. एकदा चुकून माझा नवाच घेतला. मी दोन दिवस ओरडत होतो आणि ती म्हणत होती की चेन कशी छान दिसते बघ. तुमच्या घरीही तेच चालायचं की लग्नानंतर सुधारली?

तिसऱ्या गिअरला घाबरण्यासारखं काही नाही. पण जबरदस्ती नाही. सावकाश होऊ द्या.

इंजिन


२ ऑक्टोबर

प्रिय इंजिन,

चेन कसली. पुन्हा थोडी सैल झाली होती म्हणून परत कसली.

अजून दुसऱ्या गिअरवरच आहे. मैदान सोडायचं धाडस होत नाही.

आणखी एक शंका. उतारावर वेग साठच्या आसपास गेला की हँडल दोन्ही हातांत थरथरतं. पन्नासपर्यंत काही होत नाही. कशामुळे असेल?

ब्रशबद्दल विचारलंस. सुधारली नव्हती.

भावोजी


१० ऑक्टोबर

भावोजी,

हँडल थरथरतं त्याचं कारण बहुधा हँडलच्या दांड्याचं बेअरिंग. सैल झालं असेल. चांगल्या मेकॅनिककडून बघून घ्या, आणि तोवर पन्नासच्या वर जाऊ नका. हे आधी लिहिलं, कारण हे गंभीर आहे.

आता दुसरं. तुमचं मैदान तुम्हीच लिहिल्याप्रमाणे दोनशे पावलांचं. सपाट असणार, कारण पाणीखात्याचं आहे. त्यात उतार कुठून आला? आणि दुसऱ्या गिअरमध्ये साठचा वेग? दोनशे पावलांत साठ गाठणारा माणूस भिंतीपलीकडून पत्र लिहितो. मैदानात गोल गोल फिरून महिन्यात दोनदा चेनही सैल होत नाही, त्याला निदान हजारभर किलोमीटर रस्ता लागतो.

भावोजी, मी मेकॅनिक आहे. लोक रोज माझ्याशी खोटं बोलतात. "पडली नाही हो, उभी होती तिथेच वाकली." मला गाडी खरं सांगते.

तुम्हाला गाडी येते. कधीपासून?

इंजिन


२७ ऑक्टोबर

प्रिय इंजिन,

उत्तराला दोन आठवडे लागले. तीन वेळा लिहून फाडलं.

लायसन्स २७ ऑगस्टला मिळालं. आठचा आकडा काढायला लावला, तो पहिल्याच वेळी जमला. परीक्षक म्हणाले, या वयात इतकं शांत कुणी चालवत नाही. त्यानंतर तुला लिहिलेली दोन्ही पत्रं खोटी आहेत. चेन सैल होती हे खरं, पण ती मी तुला विचारण्याआधीच कसली होती. तुझं उत्तर आल्यावर पडताळून पाहिलं. बरोबर कसली होती.

आता रोज कामावर गाडीनेच जातो. रविवारी लांब जातो. तिचे रुग्ण ज्या वस्त्यांत होते तिकडचे रस्ते मला पाठ आहेत असं वाटायचं. पण मागे बसून माझी मान नेहमी डावीकडे असायची, कारण तिची औषधांची पिशवी मी उजव्या मांडीवर धरायचो. उजवी बाजू मी कधी नीट पाहिलीच नव्हती. तिथे एक विटांची भट्टी आहे, एक शाळा आहे, एक लांबच लांब पिवळी भिंत आहे. पहिल्या रविवारी मी दोनदा रस्ता चुकलो.

तुला का सांगितलं नाही, ते लिहितो. तू लिहिलं होतंस, शिकलात की मी सुटलो. थट्टेने लिहिलंस हे मला कळत होतं. पण त्यात खोटं काही नव्हतं. आपलं नातं तिच्यामुळे. तू मला पत्र लिहावंस असं एरवी काही कारण नाही, आणि मला तर पत्र लिहिताच येत नाही. इथे पहिला महिना लोक तिच्याबद्दल बोलायचे. आता कुणी तिचा विषय काढत नाही. मला वाईट वाटेल म्हणून काढत नसतील. तुझ्या प्रत्येक पत्रात, गिअरच्या किंवा चेनच्या निमित्ताने, तिचं एखादं वाक्य असायचं. मला वाटलं, मला गाडी येऊ लागली की ती वाक्यं बंद होतील. म्हणून मी दुसऱ्या गिअरवर थांबलो.

तुझा वेळ घेतला. तुला आई, बायको, काम सगळं आहे. राग आला असेल तर तो योग्यच आहे.

बेअरिंग दाखवतो.

भावोजी


६ नोव्हेंबर

भावोजी,

राग आला होता. बेअरिंग सैल असताना साठने गेलात, त्याचा.

बाकीचं सांगतो. टाकीपासून दोन गल्ल्या सोडून एक मेकॅनिक आहे, डाव्या हाताला चार बोटं असलेला. तो आणि मी एकाच गॅरेजात शिकलो. त्याला एक निरोप धाडला असता तर त्याने तुम्हाला पाच दिवसांत शिकवलं असतं, आणि ते फाटकही वाचलं असतं. हे मला पहिलं पत्र लिहितानाच सुचलं होतं. तरी मी तुम्हाला म्हशीसारखी गाडी फिरवायला लावली. तुम्ही ताईच्या पद्धतीने हळूहळू शिकावं हे तर खरंच, पण मला तुमची पत्रं यायला हवी होती. तिचं पत्र दर महिन्याला यायचं, खाली तुमच्या दोन ओळींसकट. एप्रिलमध्ये आलं नाही, मे महिन्यात आलं नाही. जूनमध्ये तुमचं आलं.

तेव्हा खोटं मीही बोललोय. बरोबरी झाली.

आता माझी एक तक्रार. या सगळ्या पत्रांत ताईबद्दल बहुतेक मीच लिहिलंय. तुमच्याकडून आलं ते फाटक, औषधांची पिशवी आणि "सुधारली नव्हती" एवढंच. माझ्याकडची ताई तिच्या लग्नापर्यंतची आणि नंतरच्या सुट्ट्यांतली. ती संपत आली आहे, भावोजी. ब्रशची गोष्ट मी बायकोला चारदा सांगून झाली. पुढची बावीस वर्षं तुमच्याकडे आहेत आणि तुम्ही ती दाबून बसला आहात. 

गाडीचं काही विचारू नका. तुम्हाला येते. त्या चार बोटांच्या मेकॅनिकला विचारा. मला दुसरं काहीतरी लिहा. दोन ओळी चालतील.

डिसेंबरात आठ दिवस येतोय. स्टेशनवर घ्यायला या. मी मागे बसेन.

इंजिन


रविवार, १७ नोव्हेंबर १९९१

प्रिय इंजिन,

पाण्याची पातळी चौदा फूट. बेअरिंग बदलून घेतलं. तुझा मित्र तुझ्याबद्दल बरंच काही सांगत होता, ते तू आल्यावर बोलू.

आज विचारण्यासारखं काही नाही.

गाडीवर मी बोलत नसे, हे तुला माहीत असेल. एरवीही फार बोलत नाही, पण गाडीवर तर वाऱ्यात काही ऐकू येत नाही, मग कशाला बोला, असं माझं मत होतं. तिला ते चालत नसे. दर काही मैलांनी ती मान न वळवता ओरडायची, "अहो, आहात ना?" मी तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवायचो. म्हणजे आहे. तेवढ्यावर ती पुढे जायची. रोजचं होतं, त्यामुळे त्यात विशेष काही वाटत नसे.

एकदा, लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, आमचं सकाळी काहीतरी वाजलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही. मी घुश्शात होतो. तिने विचारलं, "आहात ना?" मी बोटं टेकवली नाहीत. तिने पुन्हा विचारलं. मी तरीही गप्प. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, न्यूट्रलमध्ये टाकली, बंद केली, हेल्मेट काढलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पडलो असं तिला खरंच वाटलं होतं. तिने हेल्मेट घातलं आणि गाडी चालू केली. पुढच्या मैलभरात तिने चारदा विचारलं आणि मी चारदा उत्तर दिलं. त्यानंतर मी ते कधी चुकवलं नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. अशी आणखी असतील. आठवतील तशी लिहीन. पण मला वेळ लागतो.

तुझ्या गाडीची वेळ कळव. पिशवी एकच आण. दोन आणल्यास तर बसायला जागा होणार नाही.

सकाळी कपडे भिजत घातले होते, ते तसेच राहिलेत. ऊन आहे तोवर पिळून दोरीवर टाकतो.

भावोजी